ऑफ हाय का

सहावीच्या वर्गात सुकन्या फळ्यावर भाज्यांची इंग्रजी नावं लिहून देत होती, तेव्हा टेबलावरच्या पर्समध्ये फोन थरथरू लागला. तासाला फोन घ्यायचा नाही असा शाळेचा नियम होता आणि सात वर्षांत तिने तो दोनतीनदाच मोडला असेल. फोन थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. नंबर ओळखीचा नव्हता. पोरांना वहीत उतरवून घ्यायला सांगून ती दारात आली. "भाभी, मी अबरार, परळीहून. नाथाभाऊच्या रूमवरचा. भाभी, नाथाभाऊ ऑफ—" एवढंच ऐकू आलं. मागे ट्रकचा हॉर्न वाजला, कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली, जराशी खरखर झाली आणि मग काहीच नाही. फोन कापला गेलाय हे कळूनही ती तो तसाच कानाला लावून उभी राहिली. मग तिने त्या नंबरवर परत लावला. ज्यांना तुम्ही फोन करत आहात त्यांचा फोन सध्या स्विच ऑफ आहे. तिने नाथाचा, नवऱ्याचा, नंबर लावला. तीच बाई, तेच वाक्य, तोच गोड सूर. जणू दोन्ही फोन एकाच खोलीत शेजारी शेजारी पडले होते आणि ती बाई त्या खोलीच्या दारात बसून कुणालाच आत सोडत नव्हती.

वर्गातून गलका येत होता. सुकन्याने ते वाक्य मनात पुरं करून पाहिलं. नाथाभाऊ ऑफवर आहेत. नाथाभाऊ ऑफ घेऊन घरी यायलेत. नाथाभाऊंचा मूड ऑफ आहे, तुम्ही जरा बोला त्यांच्याशी. ती इंग्रजीची बाई होती. या शब्दाला किती तोंडं असतात ते तिला ठाऊक होतं. दिवा ऑफ, आठवड्याचा ऑफ, मालावरचा वीस टक्के ऑफ, फळांचा सीझन नि ऑफ सीझन, फोटोत थोडा ऑफ दिसणारा रंग. एखादं माणूस मेलं असा अर्थ कपाटातल्या जाड डिक्शनरीत कुठेही नव्हता. तो आपल्याकडच्या लोकांनी लावलेला अर्थ होता. मेले म्हणायला जीभ वळत नाही, वारले म्हटलं की जुन्या पत्रासारखं वाटतं, गेले म्हटलं तर समोरचा विचारतो, कुठं गेले? म्हणून मग ऑफ झाले. दवाखान्याच्या फरशीसारखा पुसून घेतलेला शब्द. आणि अबरारने घाईने, मागे ट्रकचा आवाज असताना, एका बाईला फोन करून जर ऑफ हा शब्द वापरला असेल, तर तो सुट्टी सांगायला वापरला असेल का?

तिला नाना आठवले. आठवले म्हणजे त्यांचा चेहरा नाही, त्यांची बातमी. ती नववीत होती. बाप, म्हाळू, पाटोद्याच्या वरच्या माळावर मेंढरं घेऊन बसलेला, आणि ती त्याची भाकरी घेऊन गेलेली. गावातल्या दुकानात पुण्याहून फोन आला होता आणि दुकानदाराने तिच्याच तोंडी निरोप धाडला होता: नाना ऑफ झाले. नाना म्हणजे बापाचा थोरला भाऊ, पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या गेटवर वॉचमन. "ऑफ म्हंजी?" बापाने विचारलं. ती इंग्रजीत वर्गात पहिली यायची. "ऑफ म्हंजी सुट्टी," ती म्हणाली. बाप हसला. "मंग येतोय की नाना. यंदा यात्रा त्याला सापडली." आणि त्याने भाकरी खाल्ली, पाणी प्याला, दिवस कलेपर्यंत मेंढरं चारली. गावात आल्यावर दुकानाच्या ओट्यावर चारपाच जण गप्प बसलेले दिसले तेव्हा त्याला कळलं. पुण्यात सगळं उरकलेलं होतं. बाप तिला एका शब्दाने बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. तो बोलला असता तर ते कधीतरी संपलं असतं.

हेडमास्तर बद्रीनाथ सरांच्या खोलीत जाऊन तिने घरी जायचंय असं सांगितलं. "हाफ डे टाकू का फुल?" त्यांनी विचारलं, आणि मग तिच्याकडे नीट पाहून, "काय झालं मॅडम?" तिला सांगता येईना. तो शब्द तिने स्वतःच्या तोंडाने उच्चारला की तो पक्का होईल, आता तो अजून अर्धाच आहे, अबरारच्या तोंडात अडकलेला आहे, असं काहीतरी तिला वाटत होतं. "परळीला जायचंय," एवढंच ती म्हणाली. स्टँडवर जाता जाता तिने शेजारच्या आमिनाबींना फोन लावला. आमिनाबींच्या नवऱ्याचा धारूरच्या बाजारात फळांचा गाडा होता आणि सुकन्याची आठ वर्षांची मुलगी शाळा सुटली की त्यांच्याच घरी असायची. "आज उशीर होईल मला. तिला जेवू घाला." "कावून बेटा? आवाज असा कावून येतोय तुझा?" सुकन्याने फोन ठेवून दिला आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण उत्तर न देता ठेवलाय. आमिनाबी आता दिवसभर मुलीच्या तोंडाकडे बघत राहणार.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. घाट उतरताना माळावरचं वाळलेलं गवत, उन्हाने पांढरे पडलेले दगड, मधूनच एखादा पळस, सगळं एका बाजूला कलत होतं. मार्च संपत आला होता. मांडीवर ठेवलेल्या हाताची मूठ उघडली तर आत खडूचा तुकडा निघाला. तो तिने खिडकीतून टाकला, पण बोटांवरचं पांढरं पदराला पुसूनही जाईना. नाथाचे हात असेच असायचे, राखेने पांढरट करडे. परळीच्या अलीकडे, फाट्यापासून आत, औष्णिक केंद्राच्या राखेपासून विटा पाडणाऱ्या एका कारखान्यात तो दीड वर्षापूर्वी लागला होता. त्याआधी त्याने मेंढरं केली, टेम्पो चालवला, एक वर्ष नुसता घरी बसला. माल कालवायचा मोठा मिक्सर चालवायला मिळाला त्या दिवशी त्याने किलोभर पेढे आणले होते. गुरुवारी त्याला सुट्टी असे. बुधवारी संध्याकाळी तो यायचा, शुक्रवारी पहाटेच्या गाडीने जायचा. तिने मागचे तीन गुरुवार आठवायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाचे शेवटचे दिवस माणसं असेच आठवतात, हे तिला माहीत होतं, आणि तरी तिला थांबता येईना.

पहिल्या गुरुवारी त्याने मटण आणलं आणि स्वतः खाल्लं नाही. दुसऱ्या गुरुवारी ती चटणीसाठी मिक्सर लावत होती. फिरवून झाल्यावर झाकण काढून तिने आत बोट घातलं, तसा तो अंगावर धावून आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. इतकं जोरात, की हिरवा वळ उठला. "बंद केलंस का?" "केलं की." "तू सोता केलं का? का लाईट गेली?" तिला हसू आलं होतं. त्याने आधी भिंतीवरचं बटण पाहिलं, मग वायर उपसून काढली, मगच मनगट सोडलं. तिसऱ्या गुरुवारी तो पंख्याखाली झोपेना. कालच्या फोनवर मात्र तो नेहमीसारखा बोलला होता. ड्युटी झाली, जेवलो, पोरगी काय करतीय. त्या तिन्ही गुरुवारांना जोडणारं काहीतरी होतं आणि आपल्याला ते दिसत होतं, आपण नुसतं बघून घेतलं, असं तिला आता वाटू लागलं. बस तेलगावला थांबली. मागच्या सीटवर एक माणूस फोनवर मोठ्याने कुणाला तरी लग्नाची तारीख सांगत होता. सुकन्याने डोळे मिटले. अबरारचा आवाज परत ऐकायचा तिने प्रयत्न केला. नाथाभाऊ ऑफ. त्यानंतर एक अक्षर होतं. झ होतं. सकाळी वर्गाच्या दारात ते नव्हतं, पण सिरसाळा मागे पडेपर्यंत ते तिला स्वच्छ ऐकू येऊ लागलं, झालेतला झ, आणि त्याच्या मागून येणारा ले सुद्धा.

फाट्यावर उतरून ती आत चालू लागली. ताडपत्री फडफडवत राखेचे ट्रक अंगावरून जात होते. रस्त्याकडेच्या बाभळी, कुंपणाच्या तारा, टपरीचं छप्पर, सगळ्यावर एकच करडी साय बसली होती. कारखान्याच्या गेटजवळ गर्दी असेल, रडारड असेल, ॲम्ब्युलन्स असेल असं तिने अख्ख्या वाटेत मनात पाहिलं होतं. तिथे काहीच नव्हतं. आत मशीनचा एकसुरी घरघराट चालू होता आणि खुर्चीत बसलेला वॉचमन डाळिंब सोलून खात होता. त्या शांततेची तिला गर्दीपेक्षा जास्त भीती वाटली. सगळं उरकलेलं असेल तर असंच असणार.

"नाथा?" वॉचमन म्हणाला. "मिक्सरवरचा? त्यो तर चार दिस झाले आलाच न्हाई."

"चार दिवस?"

"तुमी कोण त्याच्या?"

तेवढ्यात आतून अबरार धावत आला. पंचविशीचा, तोंडाला रुमाल बांधलेला, पापण्यांवर राख. "भाभी! तुमी आल्या पण? माझी बॅटरी उतरली भाभी, चार्जर रूमवर राहिला. मी इचारत होतो, नाथाभाऊ ऑफवर हाय का तिकडं, घरी? चार दिवस झाले कामावर न्हाई. रोज सकाळी डबा घेऊन माझ्या आधी निघत्यात. मला वाटायचं दुसऱ्या शिफ्टला लावलं असंल. आज सुपरवायझर म्हणला, त्यो तर येतच न्हाई."

मग तिथे रस्त्यावरच, दगडावर, सुकन्या बसली. जिवंत होता. सकाळपर्यंत तरी होता. नवरा रोज सकाळी डबा घेऊन निघतो, कामावर येत नाही, संध्याकाळी तिला फोन करून ड्युटी झाली म्हणून सांगतो. मग दिवसभर तो कुठे असतो? अबरारने पाण्याची बाटली आणून दिली आणि उकिडवा बसून तिच्याकडे पाहिलं. "भाभी, सटवाचं सांगितलं न्हाई का त्यांनी तुमाला?"

सटवाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. सटवा हा मिक्सरवर नाथाच्या हाताखाली काम करणारा. पंचवीस दिवसांपूर्वी तो मिक्सरच्या आत कडेला चिकटलेला माल खरवडत असताना मशीन सुरू झालं आणि त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. "मशीन ऑफ केलं का न्हाई ते न इचारता आत उतरला, असं लिहिलंय कागदावर," अबरार खालच्या आवाजात म्हणाला. "नाथाभाऊनंच वडून काढलं त्याला. तवापासून ते बोलत न्हाईत. रात्री दचकून उठत्यात, खोलीतली सगळी बटणं बघत्यात." तो थांबला. मग इकडे तिकडे पाहून म्हणाला, "आमच्यातल्या एकानं काल त्यांना स्टेशनात बघितलं म्हणं. फलाटावर."

फलाट हा शब्द ऐकल्यावर तिच्या मनाने पुढचं सगळं एका क्षणात करून टाकलं. अबरारच्या मोटरसायकलवर मागे बसून परळीत शिरताना ती रूळच पाहत होती. रस्त्याला समांतर येणारे, दूर जाणारे, उन्हात पाण्यासारखे चमकणारे. सकाळी तिला जी भीती वाटली होती तिला एक शेवट होता. होय की नाही, एवढाच तिचा जीव. ही भीती तशी नव्हती. ही म्हणत होती, अजून झालं नसेल, पण तू पोचेपर्यंत होईल. फाटक बंद होतं. मालगाडी जायला किती वेळ लागला ते तिला सांगता आलं नसतं. कोळशाचे डबे एकामागून एक येत राहिले, प्रत्येक डब्याबरोबर जमीन हलत होती, आणि ती मोटरसायकलवरून उतरून फाटकाच्या दांड्याला धरून उभी होती. गाडी थांबत नाहीय याचा अर्थ काही झालेलं नाही, थांबली असती तर... असं ती स्वतःला डब्यागणिक सांगत होती.

नाथा फलाटाच्या पार टोकाला होता. तिथे पत्रे संपून ऊन सुरू होतं, आणि एका सिमेंटच्या बाकावर तो मांडीवर डबा धरून बसला होता. डबा उघडलेला नव्हता. शर्ट धुतलेला, भांग पाडलेला, पायात कारखान्याचे बूट. कामावर निघालेला माणूस वाटेत जरा टेकावा तसा. सुकन्या दहा पावलांवर थांबली आणि आधी तिने त्याच्या शर्टाचं खाली वर होणं पाहून घेतलं. त्याला मारावं, त्याच्या गळ्यात पडावं, यातलं काय करावं ते तिला कळेना. अबरार मागेच, पुलाच्या पायऱ्यांजवळ थांबला. ती जाऊन बाकावर बसली. त्याने मान वळवली. त्याला तिचं नवल वाटलं नाही. याचीच तिला सर्वांत जास्त भीती वाटली.

"फोन कावून बंद ठेवला?" ती म्हणाली.

"वाजला की अंगावर येतो."

"मला काय वाटलं असंल?" ती त्याच्याकडे वळली. "मी सकाळपासून तुमाला मेलेलं धरून चाललेय."

त्याने मान परत रुळांकडे वळवली. "भ्यायलो म्हणून बसतोय हितं," तो म्हणाला. "दुसरं कायी न्हाई. तसलं कायी मनात न्हाई. हितं गाडी येती, दिसती, मग जाती. न सांगता चालू होत न्हाई कायी."

"सटवाचं कळलं मला."

"काय कळलं?"

"न इचारता आत उतरला म्हणून."

तेव्हा नाथाने डबा बाजूला ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. "इचारलं होतं त्यानं," तो म्हणाला. "लाईट गेलती. मिक्सर थांबला. सटवा म्हणला, तवर मी खरवडून घेतो, अन् उतरला. मी पॅनलपाशी होतो. हितनं त्या खांबाएवढ्यावर. आतून त्यानं आवाज दिला, ऑफ हाय का? मी म्हणलो, ऑफ हाय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "खोटं बोललो न्हाई गं. मशीन थांबलेलीच होती. घरघर न्हाई, काय न्हाई, चिमण्यांचा आवाज येत होता. पण मी खटका पाडला न्हवता. बटण बिघडलं म्हणून सुपरवायझरनं साधा खटका बसवलाय, त्यो वरच राहिला, म्हंजी चालूच. अन् लाईट आली."

फलाटावर कुणीतरी केळीचं साल टाकलं होतं, त्यावर माश्या बसत होत्या, उठत होत्या.

"तिथं समदे ऑफ म्हणत्यात," नाथा म्हणाला. "बंद कुणी म्हणत न्हाई. मी पंचवीस दिवस ह्योच इचार करतोय. त्यानं, नाथा बंद केलंस का, असं इचारलं असतं ना, तर माझा हात सोताहून खटक्याकडं गेला असता. केलंस का. म्हंजी मी करायचं. पण त्यानं इचारलं, ऑफ हाय का. अन् ऑफ तर होतीच की." मग अगदी हळू, तक्रारीचा सूर न लावता, तो म्हणाला, "तूच लिहून दिलतंस मला. पॅनलचा फोटो धाडला होता मी, तवा. ऑन म्हंजी चालू, ऑफ म्हंजी बंद."

दिलं होतं. ऑपरेटर झाला त्या आठवड्यात रात्री फोनवर त्याने फोटो पाठवला होता, आणि तिने वह्या तपासता तपासता दोन मिनिटांत लिहून दिलं होतं. शेवटी अंगठ्याचं चिन्ह. बंद पडणं वेगळं, बंद करणं वेगळं; हे सांगायला मराठीत कुणाला शाळेत जावं लागत नाही, मेंढरामागचं पोरही ते जाणतं. त्या एका आखूड शब्दाने दोन्ही गिळून टाकलं होतं आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या, इंग्रजीच्या बाईच्या. माळावर भाकरीचा घास मोडणारा बाप तिला दिसला, हसणारा.

"कागदावर सही कुणाची?" तिने विचारलं.

"माझी. सुपरवायझर म्हणला, तू तंबाखू थुंकायला गेलतास असं म्हण. तुझं पण भलं, आमचं पण. मी केली." त्याचा आवाज आता कोरडा झाला होता. "ते न्हाई खात मला. दवाखान्यात सटवा शुद्धीवर आला तवा त्यानं मला इचारलं, नाथा, मी इचारलं होतं ना रे? समदे म्हणत्यात न्हाई इचारलं. मला तर इचारल्यावानी वाटतंय. अन् मी म्हणलो, मला आठवत न्हाई."

गाडीची घोषणा झाली. कुठून कुठे जाणारी ते तिला समजलं नाही. एक गोष्ट मात्र तिच्या मनात इतकी सहज आली की तिला स्वतःचीच भीती वाटली. कुणालाच माहीत नाही. मिक्सरच्या आतला एक आणि बाहेरचा एक, दोघांच्यातलं होतं, आणि आतल्याला स्वतःची खात्री उरलेली नाही. नाथाला घरी न्यावं. दुसरं काम बघावं. टेम्पो. आपला पगार आहे. पोरगी आहे. पोलीस, कारखान्याची माणसं, सटवाचे भाऊबंद, यांच्या दारात आपण होऊन कशाला उभं राहायचं? वर्षभराने सटवाही मान्य करेल की आपण विचारलं नव्हतं. माणसं करतात मान्य. हे सगळं तिने नीट, पायरी पायरीने मनात मांडलं. मग तिला तो दवाखान्यातल्या खाटेवरचा, कधी न पाहिलेला माणूस दिसला. हात गेलेला आणि वरून स्वतःच्याच आठवणीवरचा विश्वास काढून घेतलेला. तो रोज मनात परत मिक्सरमध्ये उतरत असेल. रोज आवाज देऊन बघत असेल.

"उठा," ती म्हणाली.

"कुठं?"

"सटवाकडं."

"मारतील ते मला."

"मारतील," ती म्हणाली. तिला धीर देता आला नाही, कारण तिच्याकडे तो नव्हता. पण ती उठून उभी राहिली, आणि थोड्या वेळाने तोही उठला.

सटवाचं घर परळीच्या कडेच्या वस्तीत होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, दोरीवर वाळत घातलेला पुरुषाचा शर्ट. अबरारने त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं आणि तिथून तो पुढे आला नाही. चार वाजले असतील. दवाखान्यातून घरी आलेला सटवा दारातल्या खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. बारीक अंगाचा, दाढी वाढलेली. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला तो आखूड भाग त्याने डाव्या हाताने उचलून धरला होता, झोपलेल्या तान्ह्या लेकराला धरावं तसा. नाथाला बघून त्याचा चेहरा उजळला. सुकन्याला ते बघवेना.

"ये बे नाथा. लई दिवसांनी." मग आत, "मनकर्णा, पानी आन. नाथाभाऊ आलाय, वहिनी पण हायत."

मनकर्णा पाणी घेऊन आली. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. तिने सुकन्याला सतरंजी टाकून दिली आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली, बरेच दिवस तेच बोलत असल्यासारखी. "बगा ना बाई, एक आवाज द्यायचा होता. एक आवाज. इचारायला काय पैसं पडत होतं? ह्यांची लहानपनापसनं तीच खोड, आदी उडी, मंग इचार." सटवा खाली पाहत होता. त्याने मान हलवली, होकाराची.

"वहिनी," नाथा म्हणाला. तो अजून उभाच होता. "त्यानं इचारलं होतं."

मनकर्णाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"त्यानं इचारलं, ऑफ हाय का. मी म्हणलो, ऑफ हाय. मी होतो तिथंच. कुठं गेलो न्हवतो. खटका माझ्या हाताशी होता. कागदावरचं खोटं हाय. सही माझी हाय, पण खोटं हाय."

सुकन्या सटवाकडे पाहत होती. तो उठेल, ओरडेल, शिव्या घालेल असं तिला वाटत होतं. तो हललासुद्धा नाही. त्याच्या तोंडातून एक आवाज आला, कण्हल्यासारखा, आणि मग तो बायकोकडे बघून म्हणाला, "ऐकलंस का?" पुन्हा म्हणाला, "मनकर्णा, ऐकलंस का तू? इचारलं होतं मी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते पुसायला त्याने उजवा हात उचलला आणि पट्टी कपाळापाशी अधांतरी राहिली. मनकर्णा धप्पकन खाली बसली. तांब्यातलं पाणी सारवलेल्या जमिनीत जिरत गेलं. मग ती उठली, नाथाला वळसा घालून अंगणात गेली आणि तिने गल्लीकडे तोंड करून हाक मारली. "धुळाजीभाऊजी! या हिकडं. समद्यांना घिऊन या." आवाज इतका उंच लागला की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकू लागलं.

दारं उघडत होती, चपला वाजत होत्या, कुणीतरी विचारत होतं, काय झालं, कोण आलंय. सटवाचा थोरला भाऊ धुळाजी, रुंद छातीचा, हातात कुऱ्हाडीचा दांडा तासायला घेतलेला, तसाच आला. त्याच्यामागे आणखी तीन, मग पाच. अंगणाचं तोंड भरून गेलं आणि परत जायची वाट राहिली नाही. तिला पोरगी आठवली, आमिनाबींच्या घरात ताटावर बसलेली. नाथाने एकदा मागे वळून त्या गर्दीकडे पाहिलं. पळायचं असतं तर तेवढाच एक क्षण होता. ती उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दंडाला दंड लागला.

"सांग," सटवा खाटेवरून म्हणाला. रडून त्याचा आवाज जड झाला होता, पण त्यात कुठेतरी ताठ काहीतरी आलं होतं. "परत सांग. आदीपसनं सांग, समद्यांना ऐकू जाऊ दे."

धुळाजीने दांडा दुसऱ्या हातात घेतला. नाथाने सटवाकडे पाहिलं.

"लाईट गेलती," तो म्हणाला.